मस्टरवरचे ७२ दिवस : डिचोलीतल्या एका काजू कारखान्याचं प्रकरण

या प्रकरणाची सुरुवात पगारवाढीच्या मागणीने झाली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये काजू सोलणाऱ्या एका बाईंची गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी चाळीस दिवस घरी बसायला सांगितलं. आजारपणाचा भत्ता मागायला त्या गेल्या, तर ईएसआयकडून, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याकडून, उत्तर आलं की तुमचे दिवस भरत नाहीत. ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते, तुमची ७२ दिवसांचीच आहे.

बाई दोडामार्ग तालुक्यातल्या एका गावातून रोज गोव्यात डिचोलीला येतात. अख्खं सोलणी खातं त्यांना काकी म्हणतं, मीही तेच म्हणतो. ईएसआयचं सगळं फोंड्याचे साहेब बघतात, असं कारखान्यात कोणीतरी त्यांना सांगितलं. भाचीला बरोबर घेऊन, पोटाला पट्टा बांधून, दोन बसगाड्या बदलून त्या फोंड्याला आल्या.

फोंड्याचे साहेब म्हणजे मी. मी मालकांचा माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पंचवीसेक लहान कारखान्यांची पीएफ आणि ईएसआयची चलनं, मस्टर म्हणजे हजेरीपट, रजेची रजिस्टरं हे माझं काम, आणि त्याचे पैसे मालक देतात. या कारखान्याचं कामही माझ्याकडेच. म्हणजे ते ७२ दिवस मीच भरलेले होते. दर महिन्याला कारखान्याचा क्लार्क व्हॉट्सअ‍ॅपवर तक्ता पाठवायचा आणि माझ्या ऑफिसातली मुलगी तो संगणकावर चढवायची. काकींच्या नावापुढे १२, ११, १३, १२ असे आकडे. महिन्याला जेमतेम बारा दिवस येणारी बाई कारखाना वर्षानुवर्षं कामावर ठेवतो कशाला, हा साधा प्रश्न मला कधी पडला नाही.

पुढचे आकडे मी गोल केले आहेत. एक तर कारखाना ओळखू येऊ नये, आणि दुसरं म्हणजे हिशेब वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहावा. किमान वेतनाचा दिवसाचा दर ४५० रुपये धरला आहे. तो त्या वर्षीचा सरकारी दर नव्हे. महागाई भत्त्याबरोबर तो दर बदलत राहतो. प्रमाणं मात्र खरी आहेत.

वही

काकींनी पिशवीतून शाळेची दोनशे पानी वही काढली. एका ओळीत तारीख, पुढे किलो. ५.८००, ६.१००, ५.२००. कधी नुसता ४. ज्या दिवशी माल उशिरा आला त्या दिवशी तारखेखाली एक आडवी रेघ. पूर्वी त्या फोडणीत, म्हणजे बी फोडायच्या खात्यात होत्या, त्या काळातले टरफलाच्या तेलाचे डाग अजून त्यांच्या बोटांच्या पेरांवर आहेत. राख चोळून काम करायचं, तरी कातडी सोलून निघायची, असं त्या सहज बोलून गेल्या. सोलणीत बसल्यापासून हात बरे आहेत.

मी वही मोजली. ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४ या काळात १२६ तारखा होत्या.

मस्टरवर ७२ कसे, असं मी त्यांनाच विचारलं. वास्तविक ते मला विचारायचा अधिकार त्यांचा होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमका किलो कळतत. दिवस खय गेले, तां तुमीच सांगा."

दिवस कुठे गेले हे शोधायला मला अर्धा तास लागला, आणि शोधल्यावर लाज वाटली, इतकं ते सोपं होतं. सोलणीचा भाव किलोला ४५ रुपये. सहा महिन्यांत काकींनी सोलले ७२० किलो. पैसे झाले ३२,४०० आणि ते त्यांना वेळच्या वेळी, बँकेत, पूर्ण मिळाले. त्याबाबत कोणाचीच तक्रार नव्हती. आता कायद्याप्रमाणे दिवसाला ४५० रुपयांपेक्षा कमी दाखवता येत नाही. म्हणून क्लार्क ३२,४०० ला ४५० ने भागायचा. उत्तर ७२. मग तेवढे दिवस हजेरी लावायची, बाकी दिवस गैरहजर. आमच्या धंद्यात याला 'मस्टर बसवणं' म्हणतात. दर कायद्याचा राहतो, रक्कम खरी राहते, आणि दोघांचा मेळ घालायला माणसाचे दिवस कापतात.

क्लार्क चोर नव्हता, हे मुद्दाम लिहितो. आधीच्या क्लार्कने त्याला असंच शिकवलं होतं आणि त्याला वाटत होतं की कायदा पाळण्याची हीच रीत. हजेरी कुठल्या तारखांना लावायची याचाही तो फार विचार करत नसे. महिन्याच्या पहिल्या तारखेपासून 'पी' लावत जायचं, दिवस संपले की पुढे कोरं. त्यामुळे मस्टर एकदम उघडून पाहिलं की मोठं गमतीदार चित्र दिसायचं : महिना सुरू होताना सोलणी खातं बायकांनी भरलेलं, वीस तारखेनंतर रिकामं, आणि शेवटच्या आठवड्यात ३२ पैकी तीन-चार बाया हजर. कारखान्याचा सगळ्यात जास्त माल बाहेर पडायचा तो मात्र याच शेवटच्या आठवड्यात.

एका वहीवर मालक विश्वास ठेवणार नाही हे मला ठाऊक होतं. तेव्हा दुसरी वही आठवली, चहावाल्याची. कारखान्यात दिवसाला दोन चहा फुकट असतात आणि चहावाला कपांवर बिल लावतो. शेट, म्हणजे मालक, ते बिल बारकाईने तपासतात, कारण पैसे त्यांच्या खिशातून जातात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सोलणीचे कप रोज ५८ ते ६४ होते. मस्टरप्रमाणे ते आठ व्हायला हवेत.

किलोच्या आत काय असतं

शेटना भेटण्याआधी मी एक दिवस सोलणीत जाऊन बसलो. इतकी वर्षं त्या कारखान्याचे कागद हाताळतो, पण आत सलग दिवसभर बसण्याची ही पहिली वेळ.

बी उकडून, फोडून, ड्रायरमध्ये सुकवल्यावर गर लालसर सालीसकट सोलणीत येतो. गर नीट सुकलेला असेल तर सालीला बोटाने नुसतं दाबलं की ती सुटते, राहिलेली लहान सुरीच्या टोकाने काढायची. काकींना एका गराला साधारण पाच सेकंद लागत होते. त्या दिवशी दुपारी एक लॉट ड्रायरमधून लवकर काढलेला आला, त्याची साल चिकटून बसली होती. तिथे आठ सेकंदांवर काटा गेला आणि पाकळ्याही, म्हणजे गराचे दुभंगलेले तुकडे, जास्त पडल्या. पाकळी पडली की सुपरवायझर बाई ओरडते, कारण अख्ख्या गराला भाव आणि पाकळीला कमी. ड्रायर मात्र काकी चालवत नाहीत.

खरी गोष्ट पुढे आहे. काजूगराची जात पौंडात किती गर बसतात यावर ठरते. २४० नंबरचा म्हणजे पौंडाला २२० ते २४० गर, ३२० नंबरचा म्हणजे ३०० ते ३२०, ४५० नंबरचा म्हणजे ४०० ते ४५०. किलोत सांगायचं तर मोठ्या गराच्या किलोत पाचशेच्या आसपास दाणे आणि बारीक गराच्या किलोत नऊशेच्या वर. साल दाण्याला असते, किलोला नसते. पाच सेकंदांच्या वेगाने मोठ्या गराचा किलो ४२ मिनिटांत होतो, बारीक गराचा ७७ मिनिटांत. भाव दोन्हींना ४५.

जेवणाची सुट्टी आणि दोन चहा सोडले की हातात ४५० मिनिटं उरतात. मोठा गर आला तर बाई साडेदहा किलो काढते आणि किमान वेतनाच्या वर जाते. बारीक आला तर पावणेसहा किलो, आणि २६० रुपयांवर अडकते. ४५ च्या भावाने ४५० व्हायला दिवसाला दहा किलो लागतात. हे प्रमाण कोणी ठरवलं, असं मी विचारत फिरलो. कोणाला सांगता येईना. शेटच्या वडिलांच्या काळात बहुतेक सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतलीच बी यायची, तेव्हा कधीतरी ते ठरलं असावं. आता पावसाळ्यानंतर कारखाना चालतो तो मुख्यतः आफ्रिकेतून आलेल्या बियांवर आणि त्यात बारीक दाणा पुष्कळ. बी बदलली, प्रमाण तेच राहिलं.

किमान वेतनावरचा वाद आपल्याकडे नेहमी दिवसाच्या आकड्यावर होतो. सरकारने दर वाढवला की कामगार संघटना म्हणतात कमी वाढवला, कारखानदार म्हणतात परवडत नाही, आणि वर्तमानपत्रं दोन्ही बाजू छापतात. त्या आकड्यामागे विचार नाही असं नाही. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने तीन माणसांचा खर्च, माणशी २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, इंधन-दिव्यासाठी वीस टक्के असा हिशेब घालून दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या रेप्टाकोस ब्रेट निकालात मुलांचं शिक्षण, औषधपाणी वगैरेंसाठी आणखी पंचवीस टक्के धरायला सांगितले. केंद्राने नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने २०१९ मध्ये देशभरासाठी दिवसाला ३७५ रुपये सुचवले, आणि त्याच वर्षी केंद्राने तळाचा दर १७६ वरून १७८ केला. दोन रुपये! यावर रागवायला भरपूर जागा आहे. पण माझ्यासमोरच्या ३२ बायकांचं वेतन पणजीत ठरत नव्हतं, दिल्लीतही नव्हतं. ते ठरत होतं ड्रायरच्या तोंडाशी आणि तराजूवर. ४५० चे उद्या ६०० झाले असते तर क्लार्कने ६०० ने भागलं असतं आणि काकींचे ७२ चे ५४ दिवस झाले असते. पैसा एक वाढला नसता.

दिवस कापले की काय काय कापलं जातं

हा हिशेब मी शेटसमोर मांडला तो याच क्रमाने, म्हणून इथेही तसाच देतो.

ईएसआयचा आजारभत्ता गेला, ते तर दिसलंच. तेव्हाच्या कारखाने अधिनियमाप्रमाणे वर्षात २४० दिवस काम केलं की वीस दिवसांना एक या हिशेबाने पगारी रजा मिळायची. ग्रॅच्युइटीसाठी सलग सेवेचं वर्ष धरायलाही २४० दिवसच लागतात. काकी महिन्याला सरासरी एकवीस दिवस येतात, म्हणजे वर्षाला २५२. मस्टरवर कुठल्याच वर्षी १८० च्या पुढे गेलेल्या नाहीत. कागदावर त्यांनी आयुष्यात एकही पूर्ण वर्ष नोकरी केलेली नाही.

१९४८ च्या किमान वेतन कायद्यात उक्त्या कामाची, म्हणजे किलोवर किंवा नगावर मिळणाऱ्या मजुरीची, सोय होती. उक्त्याचा दर सरकारने वेगळा ठरवला नसेल आणि दिवसाचाच दर ठरवला असेल, तर उक्त्यावर काम करणाऱ्यालाही दिवसाच्या दरापेक्षा कमी देता येत नाही, असं कलम १७ सांगायचं. माल आला नाही म्हणून बाई बसून राहिली, तर कलम १५ प्रमाणे तो दिवस पूर्ण धरायचा. तिने स्वतः काम करायला नकार दिला असेल तर गोष्ट वेगळी. काकींच्या वहीतल्या आडव्या रेघांना कायद्यात जागा होती, मस्टरवर नव्हती.

शेट एकदम म्हणाले, "म्हणजे काम करो न करो, साडेचारशे द्यायचे? मग सोलेल कोण?"

प्रश्न रास्त आहे आणि तो जुना आहे. राजस्थानात अजमेर जिल्ह्यात दुष्काळी कामावर मदनगंज-हरमाडा रस्ता होत होता. किमान वेतन सात रुपये. सार्वजनिक बांधकाम खातं टोळीने किती माती उपसली ते मोजून पैसे द्यायचं, आणि पुष्कळांच्या हातात सातपेक्षा कमी पडायचे. खात्याचं म्हणणं शेटसारखंच होतं : काम कमी तर दाम कमी. संजित रॉय खटल्यात १९८३ मध्ये न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने ते फेटाळलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत घेतलेलं काम म्हणजे राज्यघटनेच्या कलम २३ मधली वेठबिगार, असं न्यायालयाने म्हटलं. सरकार दुष्काळात उपकार म्हणून काम देतं, ही सबब चालली नाही.

"आणि परवडत नसेल तर?" शेटचा दुसरा प्रश्न. त्याचंही उत्तर न्यायालयांनी फार पूर्वी देऊन ठेवलंय. क्राउन अ‍ॅल्युमिनियम निकालाचं सार असं की किमान वेतन देता येत नसेल त्या धंद्याला चालू राहण्याचा हक्क नाही. केरळच्या कौल कारखान्यांच्या उन्निचोयी खटल्यातही मालकाच्या ऐपतीचा मुद्दा किमान वेतनाच्या बाबतीत लागू नाही असंच ठरलं. हे सगळं मी सांगितलं. शेटनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तुम्ही नेमके कोणाचे?"

मी म्हटलं, तुमचाच. बाईंनी दावा लावला तर फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई लागू शकते, म्हणून आत्ता सांगतोय. हे खरं होतं. पूर्ण खरं नव्हतं, पण तेवढं पुरलं.

शेटची बाजू

ती मी थोडक्यात उरकणार नाही, कारण ती पोकळ नव्हती.

बारीक गराची सोलणी किलोला ४५ वरून ७८ केली, तर किलोमागे ३३ रुपये वाढतात. त्यांच्याच भावाप्रमाणे तो गर सातशेच्या आसपास जात होता. शेट म्हणाले, या तेहेतीसमध्येच माझा नफा आहे. घाटावर चंदगड आणि आजऱ्याकडे घरोघरी काजू सोलतात, तिथे मस्टर नाही, ईएसआय नाही, निरीक्षक नाही. त्यांचा माल म्हापशाच्या बाजारात माझ्या मालाशेजारी 'गोव्याचा काजू' म्हणून विकला जातो. आणि पर्यटकाला दोन्हीतला फरक कळत नाही, हे तर मी स्वतः पाहिलंय. व्हिएतनाममध्ये सोलणी यंत्रावर होते. कोल्लमचं उदाहरणही त्यांनी दिलं : केरळने २०१५ मध्ये काजू कामगारांचं किमान वेतन वाढवलं आणि त्यानंतर तिथले कितीतरी खासगी कारखाने बंद पडले. कोल्लमच्या बाबतीत मी एवढंच म्हणेन की बिया महाग होणं आणि व्हिएतनामची यंत्रं ही दोन कारणंही तिथे तेवढीच चर्चेत आहेत. पण बंद कारखान्याच्या बाहेर बसलेल्या बाईला कारणांची वाटणी करून काय उपयोग, हा शेटचा मुद्दा मला खोडता आला नाही.

त्यांच्या बोलण्यातलं एक मात्र खोडता आलं. "ती म्हातारी पाच किलो करते आणि दुसरी पोरगी अकरा करते. दोघींना सारखं देऊ?"

ही पोरगी लाटंबार्शाची, सव्वीस-सत्तावीसची, हात विजेसारखा. किलोवारी बंद होणार अशी कुणकुण लागताच ती स्वतःच ऑफिसात आली होती. "मी अकरा किलो करते, दिवसाचे पाचशे होतात. काकींसाठी मी का थांबू? दिवसाचा दर आला की सगळ्याच हळू करणार, मग मी येडी की काय?" असं ती तोंडावर बोलली. मला ती आवडली. मी तिला सांगितलं, किलोवारी जात नाहीये, तिच्याखाली फक्त जमीन येतेय. वर जायला कोणाला आडकाठी नाही. ते तिला पटलं नाही. मग मी तिच्याच फेब्रुवारीच्या स्लिपा काढल्या. २४ दिवस, सरासरी ७ किलो २००. दिवसाला ३२४ रुपये. मस्टरवर दिवस सतरा.

तिने स्लिपा पुन्हा पुन्हा पाहिल्या. अकरा किलो हा तिचा एप्रिल-मेचा आकडा होता, मोठ्या गराचा. तोच तिला लक्षात राहिला होता, जसा आपल्याला आपला चांगला फोटो लक्षात राहतो. बारीक गराचा लॉट आला की सगळ्यात जलद हातसुद्धा किमान वेतनाखाली जात होता. तेव्हा हळू कोण, या प्रश्नाचं उत्तर बाईत नव्हतं.

शेटनीही त्या स्लिपा पाहिल्या. त्यानंतर म्हातारी आणि पोरगी हा मुद्दा त्यांनी पुन्हा काढला नाही.

काय ठरलं

पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, जावं लागलं नाही. ते बरं झालं की वाईट, यावर माझं मत अजून पक्कं नाही. दावा झाला असता तर निकाल कागदावर राहिला असता आणि दुसऱ्या कारखान्यातल्या बायांना दाखवता आला असता. पण जुन्या कायद्यात दाव्याची मुदत सहा महिन्यांची होती. सप्टेंबरमध्ये अर्ज केला तर मार्चचा पगार कसाबसा मुदतीत, त्याआधीचे पाच महिने बाहेर. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी कारण पटवावं लागतं. सल्लागार म्हणून मुदत गेल्याचं मला शेटना सांगणं भाग होतं, तसं सांगितलं. उशीर माफ होऊ शकतो आणि दहापट लागू शकते, हेही त्याच दमात सांगितलं.

शेवटी गणपतीनंतर एका शनिवारी सोलणीतच चटया टाकून बैठक झाली. काकींना १२६ दिवसांचे ५६,७०० व्हायला हवे होते, ३२,४०० मिळाले होते. फरकाचे २४,३०० शेटनी दोन हप्त्यांत दिले. ईएसआयने नाकारलेल्या भत्त्याऐवजी चाळीस दिवसांचे, दिवसाच्या दराच्या सत्तर टक्क्यांनी, १२,६०० रुपये शेटनी खिशातून दिले. स्वतःच्या वह्या असलेल्या बाया एकूण नऊच निघाल्या. बाकीच्यांचा फरक चहाच्या कपांवरून सरासरी काढून ठरवला. चहावाल्याला यासाठी बैठकीला बोलावलं होतं. आपल्या वहीला एवढा मान मिळालेला पाहून तो अवघडून कोपऱ्यात उभा होता.

पुढच्या कामासाठी तीन भाव ठरले. लॉट सुरू होताना अर्धा किलो गर सगळ्यांसमोर मोजायचे. दाणे मोठे असतील तर ४५, मधले असतील तर ५८, बारीक असतील तर ७८. ४५० मिनिटांना ४५० रुपये, म्हणजे मिनिटाला रुपया. तिन्ही भाव त्यावरून काढले. तरीही दिवस ४५० च्या खाली गेला तर वरची भर मालकाने घालायची. साल चिकटलेला लॉट आला तर सुपरवायझर बाईने तो ड्रायरकडे परत पाठवायचा. माल नसेल तो वेळ लिहून ठेवायचा. तराजू भिंतीकडून हलवून आकडा दोन्ही बाजूंना दिसेल असा ठेवायचा. ही शेवटची अट लाटंबार्शाच्या पोरीची. आणि क्लार्कने मस्टर त्या त्या दिवशी, बाईच्या सहीने भरायचं.

पहिल्या महिन्यात सगळ्यात मोठा फरक कशाने पडला असेल तर ड्रायरने. चिकट लॉट परत येऊ लागले आणि त्याची भर स्वतःच्या खिशातून पडू लागली, तेव्हा शेटनी ड्रायरचा बिघडलेला तापमापक आठवड्याभरात बदलला. तो दोन वर्षं बिघडलेला होता.

त्यानंतर

मार्च २०२५ मध्ये कारखान्यात सोलणीचं यंत्र आलं. हवेच्या झोताने साल उडवतं. बारीक गराला ते बरं, चिकट सालीचे दाणे मागे राहतात ते हाताने काढायचे. सोलणीत ३२ बाया होत्या, त्यांच्या १९ झाल्या. तेरा जणींपैकी काही ग्रेडिंगला गेल्या, काही घरी बसल्या. दोघी दोडामार्गकडच्याच एका लहान युनिटमध्ये किलोवारीने सोलायला जातात. तिथे भाव ४० आहे.

किमान वेतनाने नोकऱ्या जातात, या बाजूने बोलणाऱ्याला हे आयतं उदाहरण आहे आणि मी ते लपवणार नाही. त्यात भर म्हणून एवढंच सांगतो की यंत्राचं कोटेशन माझ्या फाइलमध्ये आहे, कर्जाच्या कागदांबरोबर लावायला शेटनीच दिलेलं. त्यावरची तारीख २०२३ च्या दिवाळीआधीची आहे. काकी तेव्हा धडधाकट होत्या आणि ईएसआयचं पत्र कोणी पाहिलेलं नव्हतं. वाढलेल्या भावाने यंत्र आणलं, असं शेटसुद्धा म्हणत नाहीत. लवकर आणलं, असं म्हणतात. ते खरं असावं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आणि १९४८ चा कायदा गेला. दाव्याची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षं झाली, आणि वेतन दिलं हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आली. उक्त्या कामाचा नियम राहिला. आता धंदा अनुसूचीत, म्हणजे किमान वेतन लागू असलेल्या धंद्यांच्या यादीत, आहे की नाही हे पाहावं लागत नाही. माझ्या बाकीच्या चोवीस गिऱ्हाइकांना मी पत्र पाठवून मस्टर आणि गेटची वही जुळवून पाहायला सांगितलं. सात जणांनी उत्तर दिलं. एकाने दुसरा सल्लागार शोधला.

काकी यंत्राच्या मागे राहिलेले चिकट दाणे सोलतात. ते काम किलोवर होत नाही, म्हणून त्यांना आता सरळ दिवसाचा दर आहे. गेल्या महिन्यात त्या पुन्हा फोंड्याला आल्या होत्या, भाचीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. जाताना त्यांनी ग्रॅच्युइटीचं विचारलं. कामाला लागून नऊ वर्षं झाली. वर्षाला पंधरा दिवस आणि दिवसाला ४५० धरले तर ६०,७५० रुपये होतात. मी विचारलं, जुन्या वह्या आहेत का? म्हणाल्या, तीन वर्षांच्या आहेत. त्याआधीच्या पावसात चूल पेटत नव्हती तेव्हा जाळल्या.